याच नावाचा दुसरा

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं, आणि वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून त्याहून बरं वाटलं. इकडे मी धडधाकट आहे. उजवा खांदा अधूनमधून कुरबुर करतो, पण छिन्नी हातात घेतली की गप्प बसतो. शेडचं छप्पर दुरुस्त करून घेतलं. बाबांची खुर्ची दाराशी हलवली आहे. ती रिकामी बघायला मला आवडत नाही, म्हणून मीच तिच्यात बसते.

आता मुद्द्याचं. पत्रासोबत तू पाठवलेला माफीनामाही मिळाला. सुबक टाईप केलेला, फक्त माझ्या सहीपुरती जागा सोडलेला. ‘अनवधानाने’, ‘भावनेच्या भरात’, ‘पुन्हा असे घडणार नाही’. तीन वेळा वाचला. त्यात एकही वाक्य माझं नाही. अनवधानाने कोणी दगडावर साडेतीन तास हातोडी चालवतं का रे? सही करणार नाही. कागद परत पाठवत नाही, कारण मागची बाजू कोरी आहे आणि मला आखणीला उपयोगी पडेल.

स्मारक समितीच्या सचिवांनी फोनवर तुला काय काय तिखटमीठ लावून सांगितलं कोण जाणे. म्हणून झालं ते माझ्याकडून ऐक.

नोव्हेंबरात एक बाई शेडमध्ये आली. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करते. नाव सांगितलं, पण मी तिला मनातल्या मनात शिलाईवालीच म्हणते. तिने पिशवीतून दोन जुनी हजेरीकार्डं काढून माझ्या बाकावर ठेवली. दोन्हींवर नाव एकच, आडनाव एकच. नंबर वेगळे, एकेचाळीस आणि एकशे अठरा.

“एकेचाळीस नंबर सुरुंग लावायचा. एकशे अठरा पंपावर होता. तो माझा बाप,” ती म्हणाली. “दोघंही बोगद्याच्या दुर्घटनेत गेले. तुमच्या स्मारकाच्या दगडावर एकच आहे.”

मी म्हटलं, “माहीत आहे.”

“माझी आई इथे यायची ना दरवर्षी?”

“यायची.”

“ती गेली मागल्या वर्षी. आता मी आले.”

तुला ती आई आठवत असेल. पहिल्यांदा आली तेव्हा तू इथेच होतास. पुढे दरवर्षी यायची. बाबा तिला दगडाचा फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, “नाव आहे की. हे बघा, चौथं.” ती म्हणायची, “हा तो नव्हे. हा दुसरा.” बाबा फोटो परत खणात ठेवायचे. मी मागे बसून छिन्नीला धार लावत असायची. बाबा मोठे कारागीर होते, त्यांच्या दगडाची दूरदूर वाहवा व्हायची, पण त्या बाईशी ते वाईट वागले. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये वगैरे मला सांगू नकोस.

शिलाईवालीने विचारलं, जलकेंद्राच्या भिंतीवर आता नवी पाटी लागणार आहे म्हणे, तिच्यावर तरी नाव येईल का? मी स्मारक समितीच्या कचेरीत गेले. सचिवांनी मजकूर दाखवला. स्टीलची पाटी, यंत्राने कापलेली अक्षरं. तुझ्याच कारखान्यातून येणार आहे असं कळलं. त्यावरून मी तुला बोल लावत नाही. पण मजकूर ऐक: ‘बोगदा दुर्घटनेतील ज्ञात-अज्ञात श्रमवीरांच्या पावन स्मृतीस कृतज्ञतापूर्वक अर्पण.’ नाव एकही नाही. बाबांचा दगड काढून गोदामात टाकायचा.

मी विचारलं, “अज्ञात कोण? सगळे हजेरीपत्रकात होते.”

सचिव म्हणाले, “अहो बाई, नावं कोण वाचत बसतं? लोक पाटीपुढे उभं राहून फोटो काढतात आणि जातात.”

दादा, यंत्राचा खांदा दुखत नाही ना, म्हणून विशेषणं वाढतात. ‘पावन’ लिहायला त्याला काहीच लागत नाही. हाताने कोरणारा माणूस एकेका शब्दाशी भांडतो. मी इतकी वर्षं जुन्या लेखांचे ठसे कागदावर घेत हिंडते, ते माझं वेड आहे असं तू म्हणतोस. पण त्या लेखांतून जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. अगदी जुन्या दगडांवर शब्दांत जागाही सोडलेली नसते, अक्षरं एकमेकांना खेटून चाललेली असतात, आणि तरी वाचणारा अडखळत नाही, कारण लिहिणाऱ्याने एकही शब्द उगाच घातलेला नसतो. पुढे राजांनी कवी आणले आणि स्तुती लांबत गेली. तिथेही कोरणारा किती चलाख बघ. राजाची बिरुदं ओळीच्या शेवटी दाटीवाटीने कोंबतो आणि विहिरीला कोणी किती जमीन दिली ते मोठ्या, मोकळ्या अक्षरांत देतो. उन्हं कलली की बिरुदं पुसट होतात आणि विहीर वाचता येते. अक्षर म्हणजे शेवटी सावली आहे. कुठली सावली खोल पाडायची हे कोरणारा ठरवतो.

आणि चुकांचं सांगते. मी असे दगड पाहिलेत जिथे एक अक्षर सुटलं होतं, तर कोरणाऱ्याने ओळीच्या वर बारीक खूण करून ते कोरलंय. लाज वाटून दगड फेकून दिला नाही, की चूक दडवली नाही. हजार वर्षं ती दुरुस्ती चारचौघांत उभी आहे. मला तर त्या अख्ख्या लेखात तेवढंच अक्षर जिवंत वाटतं. शेवटी शापही असतो बहुतेक लेखांना: हे जो मोडील त्याचं अमुक होवो. तसला शाप मला कोरता आला असता, पण सचिवांचं वाईट व्हावं इतकी मी त्यांच्यावर खर्च होणार नाही.

तर मागच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी स्टूल, गेरू, पट्टी आणि दोन छिन्न्या घेऊन जलकेंद्रावर गेले. लपूनछपून नाही, भर उन्हात. आधी गेरूने ओळ आखली. पहारेकरी धावत आला.

“परवानगी दाखवा.”

मी म्हटलं, “ज्यांनी नाव गाळलं त्यांनी घेतली होती का परवानगी?”

तो बिचारा फोन लावत बसला. फोन लागेना. मग येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि नेमका उजेड अडवला. म्हटलं, जरा डावीकडे सरका. सरकला. थोड्या वेळाने म्हणाला, “कोणाचं नाव आहे?” मी सांगितलं. तो म्हणाला, “हे तर वर आहेच की.” बघ, तेच झालं असतं. नुसतं नाव पुन्हा कोरलं असतं तर येणाऱ्याजाणाऱ्याला ती चूकच वाटली असती. नंबर कोरवेना, माणूस नंबर नव्हता. म्हणून मी बारा नावांच्या खाली मधोमध एवढंच कोरलंय:

आणि याच नावाचा दुसरा

दगडाचा तोल गेला आहे. बाबांनी बघितलं असतं तर हातोडी फेकून मारली असती. सहा आणि सहा नावांच्या त्या दोन ओळंब्यातल्या रांगांखाली ही ओळ उपऱ्यासारखी दिसते. दिसू दे. डोळा तिथेच जातो, आणि तो जावा असंच मला हवं आहे.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, अठरा तारखेला, समितीपुढे सुनावणी आहे. ‘सार्वजनिक स्मारकाचे विद्रूपीकरण.’ मी जाणार आहे आणि ताठ मानेने जाणार आहे. त्यांना काय करायचं ते करू दे. तू मधे पडू नकोस. कोणाला फोन करू नकोस, रदबदली करू नकोस. सव्वीस वर्षांपूर्वी ती चूक कशी झाली हे आता उकरण्यात अर्थ नाही, तुला ते माहीतच आहे. तू त्या दिवसाबद्दल कधी लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

सही न करणारी,
तुझी बहीण


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. खुशाली शेवटी लिहीन, लिहायची राहिली तर समजून घे.

मधे पडू नकोस म्हटलं होतं. पडलास.

काल टेबलामागे पाचजण होते. अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी सचिव, बाकी तिघे मान डोलावायला. शिलाईवाली रजा टाकून आली होती, माझ्या शेजारी बसली. मी भाषण पाठ करून गेले होते. ठशांचे कागद गुंडाळून काखेत, हजार वर्षांच्या दुरुस्त्या दाखवायला. तोंड उघडण्याआधीच अध्यक्षबाई म्हणाल्या, “थांबा, तुमच्या बंधूंचं पत्र आलंय,” आणि चष्मा लावून मोठ्याने वाचू लागल्या.

‘यादी वाचण्याचे काम माझे होते. तेरावे नाव माझ्याकडून सुटले. माझ्या बहिणीने सव्वीस वर्षांनी माझी चूक दुरुस्त केली आहे. दोष द्यायचा तर मला द्यावा.’

खोलीतली हवाच बदलली. सचिवसुद्धा ओशाळवाणं हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “अहो, मग हे विद्रूपीकरण कसलं? घरच्याची चूक घरच्याने निस्तरली. ही ओळ राहू दे. दगडही राहू दे, नवी पाटी शेजारी लावा. मंजूर?” तिघांनी माना डोलावल्या. शिलाईवालीने माझं मनगट घट्ट धरलं.

दादा, मला हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा मला भरपूर सराव आहे.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “यादी त्याने बरोबर वाचली होती.”

आता तुला सांगते. हे तिथे पाच परक्या माणसांपुढे आधी सांगितलं आणि तुला नंतर, याचीही लाज वाटते.

आपल्या शेडची पद्धत तुला सांगायला नको. आखणी झाली की छिन्नी लावण्याआधी दोघांनी ताळा घ्यायचा. एकाने यादी शेवटून वर वाचायची, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा फसत नाही. दुसऱ्याने आखलेल्या ओळीवर बोट ठेवून ‘आहे’ म्हणायचं. यादी तू वाचलीस. बोट माझं होतं. आखणीही माझीच होती, मी एकोणीस वर्षांची होते आणि बाबांनी पहिल्यांदाच मला पूर्ण दगड आखायला दिला होता.

कचेरीतून यादी आली ती तेरा नावांची. मी चार दिवस आखत होते. तेरा नावं कशीही बसवली तरी एक खाली लोंबकळायचं. बारा मात्र काय बसत होती, दादा! सहा आणि सहा. डावीकडचं सगळ्यात लांब नाव नेमकं उजवीकडच्या सगळ्यात लांब नावासमोर. बाजूची मोकळी जागा दोन्हीकडे सारखी. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तेरावं नाव आणि चौथं नाव एकच आहे. मी स्वतःला सांगितलं, कारकुनाने एकच नाव दोनदा लिहिलं. कचेरी दहा मिनिटांच्या वाटेवर होती. जाऊन विचारता आलं असतं. गेले नाही. विचारलं तर ते म्हणतील, नाही, माणसं दोन आहेत, ही भीती होती. म्हणजे मला कळलं होतं. कळलं होतं आणि मी सुंदर दिसणारा दगड निवडला.

मग मी यादीची स्वच्छ प्रत केली, बारा नावांची. तुझ्या हातात दिली ती हीच प्रत. तू शेवटून वाचलीस, एकही नाव न गाळता. मी बारा वेळा ‘आहे’ म्हटलं.

दोन महिन्यांनी ती बाई आली. बाबांनी खणातून कचेरीची मूळ यादी काढली, नावं मोजली आणि विचारलं, “ताळ्याला यादी कोणी वाचली?” तू म्हणालास, “मी.” पुढचं तुला माहीत आहे. त्यांच्या हाताला दगडाची पांढरी भुकटी होती, तुझ्या गालावर पाची बोटं उमटली. “ज्याला तेरा मोजता येत नाहीत त्याने दगडाला हात लावू नये,” असं सगळ्या कारागिरांदेखत म्हणाले. माझी प्रत मी ताळ्यानंतर तुझ्याकडून परत घेतली होती, ती तेव्हा माझ्या खिशात होती. मी तिथे तीन हातांवर उभी होते. त्या दिवशी दुपारीच ती जाळली.

आणि तू महिनाभर मला विचारत राहिलास. “मी शेवटून वाचतो. तेरावं म्हणजे माझं पहिलंच नाव. पहिलंच नाव कसं सुटेल गं? तुझं बोट होतं ना, तुला आठवतं का?” मी म्हणायची, नाही आठवत. मग तू विचारणं सोडलंस. मग घर सोडलंस. आपल्या दोघांत तुझा हात चांगला होता, हे बाबांनाही माहीत होतं, मलाही. ते सगळं सोडून तू यंत्राच्या कारखान्यात गेलास. बाबा तुझ्या वाटेकडे डोळे लावून गेले आणि तरी मी त्यांना सांगितलं नाही. शेड मला मिळाली, नाव मला मिळालं. त्या पहारेकऱ्याला मी तोंड वर करून विचारलं होतं, नाव गाळणाऱ्यांनी परवानगी घेतली होती का. माझी जीभ कशी झडली नाही!

काल तुझं पत्र ऐकताना सगळ्यात जास्त लागलं ते हे की तू खोटं लिहिलं नव्हतंस. तुला वाचवायचं होतं मला, हे खरं. पण तू हे मनापासून मानतोस. इतकी वर्षं मानत आलास. ते मला ऐकवलं नाही.

मी हे सगळं सांगितल्यावर अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. सचिवांना तर हायसंच वाटलं असावं. म्हणाले, “म्हणजे जाणूनबुजून नाव गाळलं ते तुम्ही, आणि आता विनापरवाना कोरलं तेही तुम्ही.” मी म्हटलं, “हो. दोन्ही माझंच. पहिल्याची काय वाटेल ती शिक्षा द्या. दुसऱ्याची माफी मागणार नाही.” ते म्हणाले, माफी मागितली नाही तर सगळा दगडच वादग्रस्त ठरतो. मी म्हटलं, ठरू दे. समितीने मंजुरी मागे घेतली. माझं नाव समितीच्या कारागिरांच्या यादीतून कायमचं काढलं. दगडावर कापड टाकलंय आणि शुक्रवारी, सव्वीस तारखेला, तो काढून गोदामात नेणार आहेत.

बाहेर पायऱ्यांवर शिलाईवालीने मला गाठलं.

“तुम्ही गप्प बसला असतात तर माझ्या बापाचं नाव राहिलं असतं.”

“हो,” मी म्हटलं.

“तुमच्या भावासाठी माझ्या बापाला परत झाकलंत. माझी आई वीस-पंचवीस वर्षं खेटे घालत होती, तेव्हाही तुम्ही आत बसून ऐकत होतात.”

“हो. बसले होते.”

ती पायऱ्या उतरून निघून गेली. मी तिला चूक म्हणणार नाही. मी काल तिच्यावर अन्याय केला आणि तुझ्यावरचा काढला. दोन्ही एकाच दमात झालं, वेगळं करता येत नव्हतं.

पण सव्वीस तारीख अजून यायची आहे. मी समितीला आज लेखी कळवलंय की दगड उतरवायला माणसं आली तर त्यांना आधी मला उचलावं लागेल, आणि मी काही हलकी नाही. वर्तमानपत्रातही तेच दिलंय: सगळी हकीकत, माझ्या चुकीसकट, खाली माझं नाव घालून. हजेरीकार्डांची प्रत मागायला आज सकाळी शिलाईवालीकडे गेले होते. दार उघडलं, कार्डं दिली. दार लावताना म्हणाली, “किती वाजता येणारेत ते?” मी सांगितलं, नऊ. ती म्हणाली, “मी साडेआठला येते. तुमच्यासाठी नाही.” मी म्हटलं, माझ्यासाठी नकोच. ओळ घासून काढली तर पुन्हा कोरीन. दगड फोडला तर दुसरा आणीन. आता मला कोणाच्या यादीत राहायचं नाही, त्यामुळे भीतीही कोणाची नाही.

तू येऊन उभा राहा असं म्हणत नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझ्यावर आहे आणि नाही केलंस तरी तुझं बरोबर आहे. उत्तर नाही आलं तर मी समजेन. फक्त एवढं कर. हे पत्र वहिनींना आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखव, विशेषतः ही ओळ: यादी तू बरोबर वाचली होतीस, दादा. शेवटच्या नावापासून पहिल्या नावापर्यंत, तुझ्या हातात जेवढी दिली होती तेवढी, सगळीच्या सगळी.

तेरावं नाव जिने गाळलं आणि जिने कोरलं, ती
तुझी धाकटी बहीण